घंगाळातला गेंदा

माझ्या नवऱ्याला पाण्यातलं सगळं कळतं. निदान त्याचं तसं म्हणणं आहे, आणि माझ्या माहेरी त्याचं म्हणणं खोडायची सोय नाही, कारण तिथे तो जावई आहे. जळगावला त्याचं पाण्याच्या फिल्टरचं दुकान आहे. कुणाच्याही घरी गेला की आधी स्वयंपाकघरातला नळ सोडून बघतो, ग्लास उजेडाकडे धरतो आणि डॉक्टरसारखी मान हलवतो. समोरचा बिचारा घाबरून जातो. मी नाही घाबरत, मला राग येतो. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तेवढाच येतो, कमी म्हणून होत नाही.

बुऱ्हाणपूरला लालबागेत माझं माहेर आहे. तिथे बैठकीत खाऱ्या पाण्याची टाकी आहे, म्हणजे समुद्राचे मासे आणि समुद्रातले जीव ठेवायची. समुद्र लालबागेपासून कुठल्या कुठे! पण फिल्टरच्या पाण्यात समुद्री मीठ मापात कालवलं, पंप लावला, दिवा लावला आणि रोज लक्ष ठेवलं, तर घरात एवढासा समुद्र जगवता येतो. मी इंदूरला नोकरीला होते तेव्हा ही टाकी घेतली होती, टेबलावर मावेल एवढी. नोकरी सोडून घरी आले तेव्हा ती बरोबर घेऊन आले. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घर डोक्यावर घेतलं. "तापीतले मासे काय मेले होते का? माणसाला प्यायला पाणी नाही मे महिन्यात, आन् ही बाई माशांसाठी मीठ विकत आणते!" दोन दिवस जेवताना माझ्याशी बोलले नाहीत.

मग माझं लग्न झालं. सासूबाईंनी आधीच सांगून टाकलं, घरात मासा नको, बघायलासुद्धा नको. टाकी माहेरीच राहिली. मला वाटलं होतं आप्पा ती महिन्याभरात कुणाला तरी देऊन टाकतील. दिली नाही. शाळेतून रिटायर झाले होते, दिवसभर करायला काही नव्हतं. मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघून बघून एकेक शिकत गेले. टाकीसमोर एक स्टूल ठेवला, त्यावर सकाळचा चहा प्यायला लागले. पुढे पुढे तर मलाच फोनवर शिकवायचे.

त्या टाकीत एक ॲनिमोन होता. दिसायला फूल आणि असायला प्राणी. दगडाला तळव्याने चिकटून बसतो आणि वरच्या असंख्य हिरव्या-पिवळ्या बोटांनी पाण्यात झुलत राहतो. नारिंगी जोकर माशांची एक जोडी त्याच्या बोटांत राहायची. आणला तेव्हा बांगडीएवढा होता, आप्पांच्या हाताखाली ताटाएवढा झाला. आप्पांना ॲनिमोन म्हणता येईना. ते त्याला गेंदा म्हणायचे, झेंडूचं फूल म्हणून गेंदा.

रोज संध्याकाळी आप्पांचा फोन यायचा. "गेंद्याने आज कोळंबी खाल्ली." "गेंदा आज रुसलाय, मिटून बसलाय सकाळपासून." "गेंदा तुझी वाट बघतो म्हणावं का काय, काचेकडेच तोंड करून आहे." आमच्याकडे बाप मुलीला तुझी आठवण येते असं म्हणत नाही. माझे आप्पा तर मरतील पण म्हणणार नाहीत. ते गेंद्याचं सांगायचे आणि मी ओळखायची. तो मिटून बसला असला की आईशी खटका उडालाय किंवा गुडघा दुखतोय, हे मला जळगावात बसून कळायचं. आमचं बापलेकीचं सगळं बोलणं त्या एका जिवावरून चालायचं. तो गेला असता तर फोनवर बोलायला आमच्याकडे हवापाण्याशिवाय काही उरलं नसतं. मला ते माहीत होतं, आप्पांनाही माहीत होतं.

या गेंद्याला एक गोष्ट चालत नाही, ती म्हणजे तांबं. खाऱ्या पाण्यात तांबं विरघळतं, आणि मासा एकवेळ तग धरतो, पण गेंद्यासारख्या मऊ जिवाला ते शुद्ध विष आहे. हे मी आप्पांना एकदाच सांगितलं होतं. त्यांनी ओसरीवरचा तांब्याचा लोटा उचलून देवघरात नेऊन ठेवला. सांधेदुखीसाठी हातात तांब्याचं कडं घालायचे, ते काढून टाकलं आणि पुन्हा कधी घातलं नाही. दुखू दे म्हणाले, मला दुखलेलं सांगता तरी येतं.

यंदा मे महिन्यात ती लहान टाकी तापायला लागली. बुऱ्हाणपूरचा मे काय असतो ते ज्याने काढलाय त्यालाच कळेल. पंखे लावा, बाटल्यांत बर्फ करून पाण्यात सोडा, तरी दुपारपर्यंत पाणी कोमट. गेंदाही त्या टाकीत मावेना, काचेला घासायला लागला. मोठ्या टाकीत पाणी जास्त, ते तापायला वेळ लागतो, म्हणून आप्पांनी मोठी टाकी करायचं ठरवलं. काचवाल्याकडून करून घेतली, ती ठेवायला लोखंडी घोडा वेल्डिंगवाल्याकडून. गळते का बघायला आठवडाभर साधं पाणी भरून ठेवली. मग एका निळ्या ड्रममध्ये खारं पाणी कालवून तयार करायला घेतलं. सगळं मला फोनवर सांगून, विचारून.

आणि नेमका अधिक महिना आला.

आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात मुलगी-जावयाला बोलवायचं, पाटावर बसवायचं, ओवाळायचं, वाण द्यायचं. लेक लक्ष्मी आणि जावई साक्षात नारायण. लक्ष्मीला त्या दिवशी कुणी विचारत नाही, ती स्वयंपाकघरात असते. नारायणाची मात्र चंगळ. आईने तारीख काढली आणि आप्पा म्हणाले, "तू येणारच आहेस तर त्याच दिवशी टाकी हलवू. मला एकट्याने गेंद्याला हात लावायची हिंमत होत नाही." मी म्हटलं, आप्पा, त्या दिवशी नको, घरात पाहुणा असेल. ते म्हणाले, "पाहुणा कसला, घरचंच माणूस."

वाण काय द्यायचं हे आईने जावयालाच फोन करून विचारलं होतं. तो म्हणाला, "मामी, मला काही नको. द्यायचंच असलं तर तांब्याचं काही द्या. तांबं पाणी शुद्ध करतं." दुकानात तांब्याच्या पट्टीचे फिल्टर विकून विकून त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता. आईने बाजारातून तांब्याचं घंगाळ आणलं. आंघोळीचं पाणी तापवायला पूर्वी असायचं तसं, रुंद तोंडाचं, दोन्ही बाजूंना कड्या असलेलं. चिंच-मीठ लावून घासून असं लख्ख केलं की त्यात तोंड दिसावं. आम्ही पोचलो तेव्हा ते देवासमोर ठेवलेलं होतं. मी म्हटलं, "आई, एवढं मोठं? त्याला त्यात बसवणार आहेस का?" आईने डोळे वटारले. "हळू बोल वं! ऐकतील ना."

सकाळी आप्पा आणि मी कामाला लागलो. जुन्या टाकीतलं पाणी नळीने टबांत काढायचं, दगड एकेक करून त्या पाण्यात ठेवायचे, वाळू ढवळू द्यायची नाही, मासे सगळ्यात शेवटी. आम्हाला बोलायची गरज पडत नव्हती. मी हात पुढे केला की आप्पांनी जाळी दिलेली असायची. गेंदा त्याच्या दगडासकट उचलला, कारण त्याला सोलून काढायचं नसतं, तळवा फाटला तर संपलं. आप्पांनी दुसरी बाजू धरली. मी म्हटलं, "धरा घट्ट, मी आहे." पांढऱ्या प्लास्टिकच्या टबात तो दगड अलगद उतरवला. जोकरांची जोडी त्याच्यामागे सोडली. हवेचा पंप लावला, बर्फाची एक बाटली सोडली, वर ओलं फडकं टाकलं. थोड्या वेळाने गेंद्याने बोटं उघडली. आप्पा टबाशेजारी उकिडवे बसले होते, त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

हे सगळं चालू असताना माझा नवरा दिवाणावर लोडाला टेकून बसला होता. त्याचं तोंड मात्र चालू होतं. "एवढं मीठ कशाला?" "हे पाणी माझ्या मशीनचं आहे म्हणून ठीक, नाहीतर बोअरचं टाकलं असतं तर काय झालं असतं?" "मामा, प्लास्टिकमध्ये ठेवताय? उन्हात प्लास्टिकमधून केमिकल सुटतं, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?" आप्पा प्रत्येक वेळी हसून "हो ना, हो ना" म्हणत होते. मी एकदा म्हटलं, "तुम्ही जरा पडा ना आत, प्रवासाने दमला असाल." तो म्हणाला, "मी कुठे दमलोय? काम तर तुमचं चाललंय." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला. असं हसताना त्याचा खालचा ओठ पुढे येतो. तो ओठ माझ्या डोक्यात जातो.

दुपारी कार्यक्रम झाला. पाट, रांगोळी, औक्षण. घंगाळात अनारसे रचून आईने ते त्याच्या हातात दिलं आणि आप्पांनी, सत्तरी ओलांडलेल्या माझ्या बापाने, त्याला वाकून नमस्कार केला. रीत आहे म्हणे. माझी मान खाली गेली. नारायणाने घंगाळ उलटसुलट करून पाहिलं, बोटाने वाजवलं, "अस्सल आहे," म्हणाला. मग जेवण. आमच्याकडच्यासारखे खापरावरचे मांडे जगात कुठे मिळत नाहीत, रुमालासारखे मोठे आणि पातळ. सोबत आमरस. त्याने इतका रस ओरपला की मला वाटलं आता हा संध्याकाळपर्यंत उठत नाही, बरंच झालं. माझं अर्धं लक्ष बैठकीतल्या पंपाच्या आवाजाकडे होतं.

हात धुऊन मी टाकीकडे निघाले तर आईने पदर धरला. गल्लीतल्या बायका आल्या होत्या, ओटी भरायची होती. "आई, मला गेंदा सोडायचाय नव्या टाकीत. पाणी तयार आहे." "तुझा गेंदा कुठं पळून जातो का? बायका ताटकळल्या आहेत. बस गुमान!" मी आप्पांना म्हटलं, "टबाला कुणाला हात लावू देऊ नका." आप्पा म्हणाले, "मी बसलोय ना इथं." ते स्टुलावर बसले. मी आत गेले.

ओटी म्हणजे एका बाईचं काम नसतं, प्रत्येकीचं कुंकू, प्रत्येकीचं खण-नारळ, प्रत्येकीचा तोच प्रश्न. मी हसत होते, वाकत होते, पाया पडत होते. बाहेरून एकदा पाणी ओतल्याचा आवाज आला. मला वाटलं आप्पा टबात पाणी घालतायत. उठायला हवं होतं, पण मांडीवर नारळ आणि तांदूळ होते आणि एक काकू माझ्या केसांत गजरा खोचत होत्या.

शेवटी सुटका झाली आणि मी बाहेर आले. पांढरा टब रिकामा, भिंतीला उभा करून ठेवलेला. पंप बंद. बैठकीच्या मधोमध घंगाळ. काठोकाठ खारं पाणी, मधे गेंद्याचा दगड, वर दोन्ही मासे. माझा नवरा गुडघ्यावर बसून मोबाइलने फोटो काढत होता. आप्पा स्टुलावरच होते, हात मांड्यांमधे दाबून बसलेले.

"हे काय आहे?" मी म्हटलं.

"बघ कसं दिसतंय! स्टेटसला टाकलंय, तिघांनी विचारलं कुठून घेतलं म्हणून. टबातलं पाणी गरम होत होतं. तांबं थंड राहतं. शिवाय शुद्ध होतं पाणी, ते वेगळंच. आता हेच घंगाळ असंच्या असं नव्या टाकीत ओतू. वाणाचं पाणी आहे, शुभ."

गेंद्याची बोटं आत ओढली गेली होती. मधलं तोंड उघडं पडलं होतं, आणि त्यातून पांढरट धागे बाहेर येत होते. हिरवा रंग गेलेला, राखाडी पडलेला. कधीपासून ठेवलंय असं मी विचारलं. तो म्हणाला, जेवण झालं तेव्हापासून. म्हणजे मी आत गेले त्या क्षणापासून!

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याने घंगाळाच्या कड्यांना हात घातला, उचलायला. मी म्हटलं, "हात काढा."

"काय?"

"हात काढा त्याच्यावरून. एक थेंब त्या टाकीत पडला तर बघा."

"अगं, पण झालं काय? मासे तर जिवंत आहेत ना? पोहतायत की मस्त!"

"मासे जगतील. हा मरतोय. तांब्याने मरतोय. ज्याला पाण्यातलं सगळं कळतं त्याला एवढं कळू नये? दुकानात बसून लोकांना भीती घालता, इथे आलात की माझ्या बापाला अक्कल शिकवता. त्यांनी वर्षानुवर्षं जपलेला जीव तुम्ही फोटोपायी मारलात. सकाळपासून लोडाला टेकून बसला होतात, तसेच बसायचं होतं ना! कुणी बोलावलं होतं तुम्हाला?"

मी ओरडत होते. आतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, हातात पानसुपारी तशीच. आई धावत आली. "ए बाई, ए! कुणाशी बोलतेस? धोंड्याचा महिना आहे, ओवाळलेलं माणूस आहे!" मी म्हटलं, "मग आणखी ओवाळ." नवऱ्याचा चेहरा लाल झाला. तो वरच्या खोलीत निघून गेला आणि दार आपटलं. आई त्याच्यामागे सरबत घेऊन जिना चढली.

आप्पा आणि मी गेंदा काढून एका बादलीत, ड्रममधल्या ताज्या पाण्यात ठेवला. ते पाणी फेकून पुन्हा ताजं घेतलं. पुन्हा फेकलं, पुन्हा घेतलं. दगड हातात जड लागत नव्हता, सकाळपेक्षा हलका लागत होता, का कोण जाणे. बादलीवर वाकून आम्ही दोघं बसलो होतो आणि तेव्हा मी विचारलं.

"तुम्ही बघत होतात?"

"हो."

"तुम्हाला तांब्याचं ठाऊक होतं."

"हो ना बाई."

"मग?"

"म्हटलं मी त्यांना. जवाईबापू, तांबं नका घेऊ म्हटलं. ते म्हणाले, मामा, पाण्याचं मला सांगू नका. मग आत्ताच दिलेलं वाणाचं भांडं, त्यात खोट कशी काढायची? रागावले असते. माझ्यावर रागावून काय करणार होते ते, राग तुझ्यावर निघाला असता, तिकडं घरी गेल्यावर. मला वाटलं थोडा वेळ निघून जाईल. तू येशील तोवर."

मला आप्पांचा राग आला. नवऱ्याचा आला नव्हता इतका आला. हातातलं कडं काढून टाकणारा माणूस, ओसरीवर तांब्याचा लोटा ठेवू न देणारा माणूस, डोळ्यांदेखत बघत बसतो! आणि का, तर माझ्यासाठी. म्हणजे आता मी भांडूही कुणाशी? मी त्यांना म्हटलं, "मला विचारलं होतंत का? मला हा गेंदा हवा होता. तुमच्या जावयाची मर्जी नको होती मला." ते म्हणाले, "तू बोलतेस. तुला तिथं राहायचंय." मला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला.

संध्याकाळी बाकीचे दगड आणि मासे नव्या टाकीत सोडले, कारण ते तर जगवायला हवे होते. टाकी सुरेख दिसत होती, हे खोटं कशाला सांगू. मोठी, स्वच्छ, निळसर उजेडाची. गेंद्याला बादलीतच ठेवला, त्याला टाकीत सोडायची हिंमत नव्हती. जोकरांची जोडी नव्या टाकीत सगळीकडे फिरून आली आणि एका कोपऱ्यात पंपाच्या नळीला चिकटून राहिली. आप्पांनी ते पाहिलं आणि दिवा बंद करून टाकला.

सकाळी बादलीतून वास येत होता. ज्याने हा प्राणी मेलेला पाहिलाय त्याला तो वास माहीत असतो, दुसऱ्या कशाचा तसा येत नाही. गेंदा दगडावरून सुटून तळाशी पडला होता, शेंबडासारखा. हात लावला तर हातात येत नव्हता. मी म्हटलं, मी करते. आप्पा म्हणाले, "नको, मीच करतो." मग ते बादली घेऊन अंगणात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा हातांना माती होती. नळाखाली हात धूत राहिले, साबण लावून, पुन्हा पुन्हा.

वर माझा नवरा तयार होऊन बसला होता. रात्री तो जेवला नव्हता आणि सकाळी चहाही घेतला नाही. आईने दोनदा नेऊन परत आणला. खाली आला तो सरळ गाडीकडे गेला. आईने अनारसे बांधून दिले, घंगाळ पुसून गाडीत ठेवलं, माझी बॅगही तिनेच नेऊन टाकली. त्याने काळा चष्मा लावला, गाडी चालू केली, एसी लावला आणि काच वर केली. गल्लीतल्या बायका आपापल्या ओट्यावर झाडू घेऊन उभ्या होत्या, झाडत कुणीच नव्हतं.

आई आप्पांना ढोसत होती. "बोला ना काहीतरी. पाहुणे रागावून चाललेत. धोंड्यात जावई असा गेला तर लोकं काय म्हणतील? पोरीला तिथं नांदायचंय." आप्पा हात पुसत पुसत गाडीजवळ गेले. काच खाली व्हायची वाट बघत उन्हात उभे राहिले. काच हळूहळू खाली झाली, अर्धीच. आप्पांनी हात जोडले.

"चुकलं आमचं," ते म्हणाले. "पोर बोलून गेली. तुमचा मान राहिला नाही. माफ करा."

त्यांच्या नखांत अजून माती होती. मी दारात उभी राहून बघत होते. माझा बाप, ज्याचा जीव त्या बादलीत मेला होता, तो मारणाऱ्याची माफी मागत होता. नवऱ्याने चष्म्याआडून त्यांच्याकडे पाहिलं आणि खालचा ओठ पुढे काढून मोठ्या मनाने हसला.

"असू द्या मामा," तो म्हणाला. "मी मनावर नाही घेतलं."

आप्पाही हसले, सुटल्यासारखे. आईने मागे देवाचं नाव घेतलं.

"मी घेतलंय," मी म्हटलं. मी आधी आप्पांचे जोडलेले हात धरून खाली केले, आणि मग डिकी उघडून माझी बॅग बाहेर काढली.